सोमवारचा अहवाल

लाडकुंवरबांना इन्सुलिन टोचून झालं तशी नर्सने सुईवर पुन्हा टोपण बसवलं. एरवी ज्योत्स्नाने तिला तिथल्या तिथे टोकलं असतं, कारण वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं हे ती तीस वर्षं जगाला सांगत आली होती. पण ती तोंड उघडायच्या आतच ती तरुण नर्स तिच्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही फिरके मॅडमच ना? दिल्लीच्या? माझ्या आत्याच्या घरी तुमचा फोटो आहे. पेपरातला, फ्रेम करून. देव्हाऱ्याशेजारी लावलाय." ज्योत्स्नाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला, चार थेंब चहा साडीवर सांडला. मुलीचं नाव मोनाली. तिची आत्या मंदाबाई वाघ, खैरपाणी उपकेंद्राची जुनी नर्स, आता रिटायर होऊन धुळ्याला देवपुरात राहणारी. "आत्या सांगते, फिरके मॅडम नसत्या तर माझी नोकरी गेली असती, मी विहीर जवळ केली असती." लाडकुंवरबा पलंगावरूनच कौतुकाने हसल्या. "केलेलं पुण्य कुठं जात नाही हो, पोरी," त्या म्हणाल्या. ज्योत्स्नाही हसली. हसणं तिला छान जमायचं, परदेशी शिष्टमंडळांपुढे हसून हसून तिच्या गालांना ती सवयच लागली होती.

त्या बंगल्यात ती पाहुणी होती. लाडकुंवरबांचे चिरंजीव लखीचंदशेठ यांच्या ट्रस्टने दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जळगावात तिचा सत्कार ठेवला होता. सावद्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याची पोर सूक्ष्मजीवशास्त्र शिकते काय, दिल्लीत जागतिक आरोग्य सुरक्षेच्या विभागाची प्रमुख होते काय, जिनिव्हाच्या सभांत देशाची बाजू मांडते काय! निमंत्रणपत्रिकेत तिला 'खान्देशची जागती दिवटी' म्हटलं होतं, आणि सत्कारानंतर भरीत-पुरीचं जेवण होतं. पत्रिका वाचून ती आदल्या दिवशी मनापासून खूश झाली होती, हेही सांगायला हवं. माणसाला आपल्या गावच्या चार लोकांनी नारळ-शाल दिली की जे बरं वाटतं ते जिनिव्हातल्या टाळ्यांनी वाटत नाही. आता मात्र त्या पत्रिकेकडे तिला बघवेना. मोनाली निघून गेल्यावर ती बाथरूममध्ये गेली, साडीवरचा चहाचा डाग पाण्याने चोळत राहिली. डाग गेला तरी चोळत राहिली. मग बाहेर येऊन तिने शेठना सांगितलं, की माझं धुळ्याला थोडं काम आहे, दुपारी जाऊन संध्याकाळपर्यंत येते. शेठ गाडी काढायला लागले तर ती इतक्या घाईने नको म्हणाली की तेही चमकले. ड्रायव्हरला घर कळलं असतं, घर कळल्यावर शेठना कळलं असतं. चोराच्या मनात चांदणं, ते असं दिवसाढवळ्यासुद्धा पडतं.

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. कापूस वेचायचे दिवस होते, एरंडोलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरमधून सांडलेला कापूस धुळीत लोळत होता. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, कुठं जाता, आणि ज्योत्स्ना म्हणाली, एका ओळखीच्या बाईंकडे. ओळखीच्या! सोळा वर्षांत तिने मंदाबाईला एक फोन केला नव्हता. जळगावला भाषण झालं, नंदुरबारला पाहणी झाली, धुळ्याच्या सरकारी विश्रामगृहात ती दोनदा मुक्कामाला राहून गेली, पण देवपूर पांझरेच्या पलीकडे आणि ती अलीकडे. आणि त्या बाईने मात्र तिला देवाशेजारी बसवलं होतं. सकाळ-संध्याकाळ उदबत्तीचा धूर आपल्या चेहऱ्यावर जात असेल, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने खिडकी सरकवली. वाऱ्याबरोबर डिझेलचा वास आत आला, तो त्या मानाने बरा वाटला.

सोळा वर्षांपूर्वी ती छत्तीसची होती आणि धुळ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत 'सातपुडा रोगनिगराणी प्रकल्प' चालवत होती. प्रकल्पाचं सगळं मोठेपण एका तक्त्यात मावायचं. पायथ्याच्या एक्केचाळीस उपकेंद्रांनी दर सोमवारी कळवायचं, आठवड्यात कोणत्या रोगाचे किती रुग्ण. एकही नसला तरी कळवायचं. काहीच नाही असं कळवणं, त्याला सरकारी भाषेत निरंक म्हणतात. ज्योत्स्नाचा सगळा सिद्धांत या निरंकवर उभा होता. 'काही नाही' असं कुणीतरी जबाबदारीने सांगणं आणि कुणी काहीच न सांगणं, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं ती नर्सांना बजावायची. पुढे हेच वाक्य तिने बँकॉकला म्हटलं, नैरोबीला म्हटलं, कोविडच्या काळात टीव्हीवर म्हटलं. चांगलं वाक्य आहे. खरंही आहे. पण ज्या वर्षी तिने ते पहिल्यांदा म्हटलं त्याच वर्षीच्या श्रावणात एका शनिवारी दुपारी फोन वाजला, आणि फोनच्या नोंदी ठेवणारा ऑपरेटर जेवायला गेला होता म्हणून तो तिनेच उचलला.

"मॅडम, मी खैरपाणीची मंदा वाघ," पलीकडून आवाज आला. मागे बाजाराचा कालवा होता, पाड्यावर तेव्हा मोबाइलला रेंज नसायची, मंदाबाई सात किलोमीटर चालून बाजारगावच्या बूथवर आली होती. "मॅडम, पाड्यावर सात पोरांचे गळे सुजलेत. आवाज बसलाय. एकाला पाणी गिळवत नाही, नाकातून परत येतंय. बॅटरी मारून बघितलं, घशात पांढरा पापुद्रा आहे." ज्योत्स्ना सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेली बाई. पांढरा पापुद्रा म्हटल्याबरोबर तिला कळलं. अगदी त्याच क्षणी कळलं, याबद्दल तिने नंतर स्वतःला कितीही फसवलं तरी कळलं होतं हे खरं. घटसर्प. त्यावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनच्या सहा कुप्या पलीकडच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये होत्या, तिच्या खुर्चीपासून वीस पावलांवर. आणि मंगळवारी तक्ता बघायला दिल्लीहून आणि परदेशातून सात पाहुणे येणार होते, त्यांच्या शेऱ्यावर प्रकल्पाचं आणि तिचं पुढचं सगळं ठरणार होतं. एकदा गाडी पाड्यावर गेली की साथ जाहीर होणार, सगळे तिकडे पळणार, आणि मंगळवारचं मुसळ केरात. गालगुंड असेल, तिने स्वतःला सांगितलं. श्रावणात येतातच गालगुंड. मग ती मंदाबाईला म्हणाली, "लिहून पाठवलंत का? नाही ना? मग सोमवारच्या अहवालात टाका." मंदाबाई म्हणाली, "बरं मॅडम." त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, शंकाही नव्हती. मॅडम म्हणतात म्हणजे सोमवारपर्यंत थांबलं तरी चालत असेल, इतका साधा विश्वास होता, आणि तोच पुढे सोळा वर्षं ज्योत्स्नाच्या कानात बसला.

सोमवारी अहवाल आलाच नाही. नाल्याला पूर होता, आणि मंदाबाई पाड्यावर एकेका पोराला मांडीवर घेऊन बसली होती, कागद लिहायला तिला हात मोकळा नव्हता. न आलेल्या अहवालाची चौकट तक्त्यात लाल दिसायची. चाळीस हिरव्या आणि एक लाल. संगणकावर बसणारा पुना अहिरे, सरळ आणि भिडस्त माणूस, दारात येऊन म्हणाला, "मॅडम, खैरपाणीचं काहीच आलं नाही. काय करू?" ज्योत्स्ना भाषणाचे कागद लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "रिकामं ठेवू नका." बस्स, इतकंच. शून्य भरा असं ती म्हणाली नाही. पुनाने तिचं म्हणणं बरोब्बर समजून शून्य भरलं, चौकट हिरवी झाली, मंगळवारी पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बुधवारी चार पोरं गेल्याची बातमी आली. उरलेल्या तिघांना त्याच सहा कुप्यांमधून इंजेक्शनं दिली आणि ती जगली, म्हणजे औषध चांगलं होतं.

बस पारोळ्याला थांबली. कंडक्टर चहा प्यायला उतरला. ज्योत्स्ना उतरली नाही. त्या मृत्यूंच्या चौकशीची ती खोली, तिथला पंखा, मंदाबाईच्या पायांना अजून चिकटलेला वाळका चिखल, हे सगळं तिला आता आठवायचं नव्हतं आणि तेच तेवढं आठवत होतं. कागदावर खैरपाणी उपकेंद्राने निरंक कळवलं होतं. चार मेलेली पोरं आणि निरंक. मंदाबाई म्हणत होती, मी काही पाठवलंच नाही, मी तर फोन केला होता. मग ज्योत्स्नाने तिला बाजूच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, खांद्यावर हातही ठेवला. "मंदाबाई, फोनची नोंद कुठेच नाही. फोन केला म्हणालात तर खोटं बोलल्याचा आणखी एक आरोप लागेल, नोकरी जाईल. त्यापेक्षा घाईत चूक झाली असं लिहून द्या. मी ठपक्यावर भागवते." मंदाबाईने डोळे पुसले आणि लिहून दिलं. ज्योत्स्नाने शब्द पाळला, ठपक्यावर भागवलं. तो हिरवा तक्ता पुढे तिच्या पहिल्या शोधनिबंधात छापला गेला, त्या निबंधावर ती दिल्लीला गेली, आणि दिल्लीहून कुठे कुठे गेली. ती ढोंगी होती असं मात्र नाही. नंतर तिने जे केलं ते जीव तोडून केलं, देशादेशांच्या तयारीला एक ते पाच गुण देताना ती इतकी कडक असायची की सहकारी तिला खाष्ट सासू म्हणायचे. रोग कळल्यापासून कळवेपर्यंत किती तास लागले, हा प्रश्न ती प्रत्येक देशाला विचारायची. कुणी तिला विचारला असता तर तिचं उत्तर 'कळवलंच नाही' असं होतं. पण परीक्षा घेणाऱ्याला कोण परीक्षेला बसवतं?

बस हलली. बोलून काय होणार, हाही विचार तिने पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत अगदी मन लावून केला. ठपका जुना झाला, बाई रिटायर झाली, पोरं काही परत यायची नाहीत. आणि खरं बाहेर गेलं तर उद्याचा सत्कार, परवाची दिल्ली, तिच्या नावाने शिकवली जाणारी पद्धत, सगळ्याचाच निकाल. पण मंदाबाई देव्हाऱ्यापुढे उभी राहून दर दिवशी स्वतःला गुन्हेगार समजते, हे आज सकाळपर्यंत तिला ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालं होतं. त्या एका बाईच्या डोक्यावरचं ओझं काढणं एवढं एकच काम आपल्या हातात उरलं आहे, आणि तेही नाही केलं तर आपण माणसात जमा नाही, असं तिला वाटत होतं. लगेच असंही वाटत होतं, की देवपुरातलं घर सापडलंच नाही तर किती बरं.

घर पहिल्या विचारण्यातच सापडलं. दारात तुळस, आत दोन खोल्या, खाली जमिनीवर हरभऱ्याची भाजी निवडायला घेतलेली. मंदाबाईचे केस पांढरे झाले होते, गुडघे गेले होते. तिने दारात कोण आहे ते पाहिलं आणि भाजीचं ताट तसंच ठेवून भिंतीला धरून उठली. "मॅडम! तुम्ही माझ्या घरी!" ज्योत्स्ना नको नको म्हणेपर्यंत तिने वाकून पाया पडूनही घेतलं. पायांवर ते खरखरीत हात टेकले तेव्हा ज्योत्स्नाला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पंख्याखालची खुर्ची, पाणी, चहाचं आधण. मंदाबाई मॅडमशी बोलायचं म्हणून जपून शुद्ध बोलत होती, मीटिंगमध्ये बोलावं तसं. देव्हाऱ्याकडे ज्योत्स्नाने पाहिलं नाही.

"मंदाबाई, मी तुम्हाला एक सांगायला आले आहे," ती म्हणाली. "खैरपाणीची ती गोष्ट."

मंदाबाईचा चेहरा उतरला. "ती मी विसरले नाही मॅडम. दर आखाजीला, अक्षय तृतीयेला, त्या चौघांच्या नावाने चार घागरी भरते. आपल्या घरच्या गेलेल्यांबरोबर. आमच्या घरचे म्हणायचे, परक्यांच्या पोरांच्या घागरी आपल्या घरी कशाला? मी म्हटलं, माझ्या हातून गेली, ती माझीच. बादल. रेशमा. ईश्वर. आणि बिजलाची बारकी, तिला सगळे चिमीच म्हणायचे. घागरी भरल्या की दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाते, बिजलाच्या बायकोच्या पाया पडते. ती काही बोलत नाही. भाकर देते खायला."

ज्योत्स्नाने ही नावं पहिल्यांदा ऐकली. तिच्या निबंधात, टिपणांत, तिच्या झोपेतसुद्धा ती पोरं चार होती, फक्त चार. मग तिने सगळं सांगितलं. शनिवारचा फोन. फ्रिजमधल्या कुप्या. रिकामं ठेवू नका. काही झाकलं नाही, गालगुंडाचं सोंगसुद्धा सांगितलं. "चूक तुमची नव्हतीच. तुम्ही फोन केला होता. तो मी घेतला होता."

मंदाबाई ऐकून घेत होती. मग तिने पदराने डोळे टिपले, आणि हसली. हसली! "तुम्ही मोठ्या मनाच्या मॅडम," ती म्हणाली. "तेव्हा मला वाचवलंत, आता माझं पाप आपल्या अंगावर घेताय. मोनालीने काही सांगितलं का, की आत्या झुरते म्हणून? अहो, फोन कुठे केला मी? तसं लिहूनच दिलं होतं ना मी. बाजारात गेले होते खरी, बूथपर्यंत गेले असेन, पण फोन केला नाही. एवढ्या वर्षांत किती वेळा आठवून बघितलं. नाहीच केला."

ज्योत्स्नाने तिला चूक लिहून द्यायला लावली होती, पण तो फोन तिच्या आठवणीतूनही काढून घेतला होता, हे तिला आत्ता कळत होतं. आणि ते सिद्ध करायला तिच्याजवळ कागदाचा एक चिटोराही नव्हता. नोंद नाही, ही तिचीच करणी. ती पुन्हा सांगायला लागली, तारखेसह, वारासह, आणि मंदाबाई समजूत घातल्यासारखी मान हलवत राहिली, चहा गार होतोय म्हणाली. तेव्हा ज्योत्स्नाचा आवाज चढला. नर्सांच्या बैठकीत चढायचा तस्साच. "मंदाबाई, ऐका मी काय सांगते ते! पाणी नाकातून परत येतं, हे मला कुणी सांगितलं? तो पोरगा मी पाहिलेला नाही. बॅटरी मारून घसा बघितला म्हणालात. तुम्ही म्हणालात, मी नाही!"

मंदाबाईचा हात कपावरच थांबला. मागे स्टोव्ह चालूच राहिला होता. 

"बॅटरी बूथवाल्यानी व्हती," ती हळूच म्हणाली. शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं, तोंडात घरची अहिराणी आली होती. "आदल्या दिनले त्यानाकडतून मांगी आणी व्हती मी. परत देवाले गयू... फोन कया... त्यानी पैसा बी लिधा नहीत." तिने कप खाली ठेवला. "मी फोन कया व्हता."

"हो. केला होता."

"मंग मॅडम, पोरं कसा मरनात?"

दिल्लीत या प्रश्नाला उत्तर म्हणून चाळीस पानी टिपण लिहिता येतं. वाहतूक, मनुष्यबळ, शीतसाखळी, समन्वयाचा अभाव. ज्योत्स्नाने अशी टिपणं लिहिली होती, ती छापून आली होती. "मी आले नाही म्हणून," ती म्हणाली. "औषध होतं. मी आले नाही." मग तिने उद्याच्या सत्काराचं सांगितलं, तिथे सगळ्यांसमोर हेच बोलणार आहे म्हणाली, वरच्या कार्यालयाला लेखी कळवणार आहे म्हणाली. मंदाबाईने ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती मनाशी काहीतरी जुळवत होती, एकेक वर्ष मागे जात असावी. शेवटी तिने ज्योत्स्नाकडे पाहिलं. त्या नजरेत आता भक्ती नव्हती आणि अजून दुसरंही काही आलेलं नव्हतं.

"माफी तर मांगू नका," ती म्हणाली.

"नाही मागत."

"सोळा वरीस मी मन्हा स्वतःवरच राग धरा. आते तो तुमनावर धराना शे, त्याले येळ लागी." भिंतीला धरून ती उठली, स्टोव्ह बंद केला. "आज तुम्ही जा."